रिव्हर्स गिअर टाकताना खरखर होते आणि गाडी मागे घेताना अंदाज चुकतो: मार्गदर्शन हवे आहे

शिकाऊचालक

नमस्कार. मी सध्या मॅन्युअल गिअरची गाडी शिकत आहे. पुढचे पाचही गिअर दांड्याकडे न पाहता बदलता येऊ लागले आहेत आणि चढावर थांबलेली गाडी मागे न घसरू देता उचलताही येते. पण गाडी मागे घ्यायची वेळ आली की अजूनही सगळे अडते. माझ्या अडचणी तीन आहेत.

पहिली अडचण गिअर पडण्याची. गाडी पूर्ण थांबलेली असते, क्लच तळापर्यंत दाबलेला असतो, तरीही दांडा रिव्हर्सकडे नेताना कधी खरखर आवाज येतो, तर कधी दांडा अर्ध्या वाटेत अडून बसतो आणि पुढे सरकतच नाही. थोड्या वेळाने तोच दांडा काहीही वेगळे न करता सहज पडतो. शिकवणारे गृहस्थ जोर लावायला सांगतात, पण आतून खरखर ऐकू येत असताना जोर लावणे मला पटत नाही.

दुसरी अडचण क्लचची. रिव्हर्समध्ये क्लच सोडताना गाडी एक तर उसळी मारून मागे जाते किंवा बंद पडते. पहिल्या गिअरमध्ये असे आता होत नाही. ॲक्सिलरेटर द्यावा की देऊ नये, याबद्दलही दोन अगदी विरुद्ध सल्ले मिळाले आहेत.

तिसरी अडचण स्टिअरिंगची. सरळ मागे जायचे असले तरी गाडी हळूहळू तिरकी होत जाते, आणि ती सरळ करायला गेले की दुसऱ्याच बाजूला कलते. मागे पाहण्यात लक्ष गुंतले की गाडीचे पुढचे टोक कुठे चालले आहे याचा पत्ता राहत नाही.

गाडीत रिव्हर्स उजवीकडे खाली, म्हणजे पाचव्या गिअरच्या बरोबर समोर आहे, आणि मुठीखाली उचलायची कडी नाही. गाडी मागे जात असताना एक बारीक, चढत जाणारा घूंऽऽ असा आवाज येतो. तो दोष समजावा का? कारण समजले की माझा हात लवकर बसतो, त्यामुळे उत्तरे लांबली तरी चालतील.

दातेरीचाक

तुमच्या वर्णनावरून गाडीत बिघाड असण्याची शक्यता कमी वाटते. तो आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी पद्धत शेवटी दिली आहे. जोर लावण्याचा सल्ला मात्र मुळीच मानू नका.

पुढच्या गिअरच्या चाकांचे दाते गिअरबॉक्समध्ये कायमच एकमेकांत गुंतलेले असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा दाते जुळत किंवा सुटत नाहीत; त्यांपैकी कोणती जोडी शाफ्टला, म्हणजे चाके ज्यावर बसवलेली असतात त्या फिरत्या आसाला, बांधली जाणार एवढेच ठरते. बांधण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करून देणारी एक कडी मध्ये असते, तिला सिंक्रोनायझर म्हणतात. कॅडिलॅकने १९२८ साली ही व्यवस्था आपल्या गाड्यांत आणली. त्याआधीच्या चालकांना इंजिनचा वेग जुळवत, कानाने अंदाज घेत प्रत्येक गिअर टाकावा लागत असे, आणि अनेक गाड्यांमधला रिव्हर्स अजून त्याच जुन्या पद्धतीचा राहिला आहे. थांबलेल्या गाडीतच टाकायच्या गिअरला सिंक्रोनायझरचा खर्च कशाला, असा त्यामागचा हिशोब आहे. काही गाड्यांत रिव्हर्सलाही सिंक्रोनायझर असतो. तिथे हा प्रश्न सहसा येत नाही.

आता आत काय घडते ते पाहू. दाते असलेली दोन चाके एकमेकांना भिडली की दुसरे चाक पहिल्याच्या उलट दिशेने फिरते. मध्ये तिसरे चाक घातले की ती दिशा पुन्हा एकदा उलटते. गाडी मागे जाते ती या तिसऱ्या चाकामुळे. त्याला आयडलर म्हणतात. जुन्या पद्धतीच्या गिअरबॉक्समध्ये तुम्ही रिव्हर्स टाकता तेव्हा हा आयडलर आपल्या दांडीवरून सरकत येतो आणि दुसऱ्या दोन चाकांच्या दात्यांत प्रत्यक्ष घुसतो. असे घुसता यावे म्हणून त्याचे दाते सरळ कापलेले असतात, तर पुढच्या गिअरचे दाते तिरपे असतात. तिरप्या दात्यांमध्ये एक दात सुटण्याआधीच पुढच्याने पकड घेतलेली असते, त्यामुळे ते शांत चालतात. सरळ दाते मात्र पूर्ण रुंदीने एकदम भिडतात आणि एकदम सुटतात. तुम्हाला ऐकू येणारा घूंऽऽ हा आवाज तोच आहे, वेगाबरोबर तो चढतो, आणि तो दोष नाही.

खरखर ही मात्र वेगळी गोष्ट आहे. फिरत असलेल्या चाकावर थांबलेल्या चाकाचे दाते घासले जातात तेव्हा ती होते. गाडी थांबलेली असल्यामुळे चाकांकडे जाणारा शाफ्ट स्थिर असतो, हे खरे. पण इंजिनकडून येणारा शाफ्ट क्लच दाबल्याबरोबर थांबत नाही. त्याचा इंजिनशी संबंध तुटतो, आणि आधीच्या वेगाने तो आणखी क्षणभर फिरत राहतो. तुम्ही न्यूट्रलमध्ये, क्लच सोडून थांबला असाल तर तो शाफ्ट तोवर इंजिनच्याच वेगाने फिरत असतो, आणि क्लच दाबून लगेच दांडा ढकलला की आयडलर त्या फिरत्या दात्यांवर जाऊन आपटतो. म्हणून क्लच तळापर्यंत दाबल्यावर दोन-तीन सेकंद काहीही न करता थांबा आणि मग दांडा सावकाश न्या. थांबायचे नसेल तर क्लच दाबलेलाच ठेवून दांडा आधी एखाद्या पुढच्या गिअरमध्ये घाला आणि तिथून काढून रिव्हर्समध्ये टाका. पुढच्या गिअरचा सिंक्रोनायझर फिरत्या शाफ्टला थांबलेल्या शाफ्टशी जुळवतो, म्हणजे या ठिकाणी थांबवतोच. या सगळ्यात क्लचवरचा पाय किंचितही वर येता कामा नये.

दांडा अर्ध्यात अडण्याचे कारण नेमके याच्या उलट आहे. दोन्ही शाफ्ट थांबलेले असतात, पण ते अशा जागी थांबतात की दातासमोर खाच येण्याऐवजी दातच येतो. दोन कंगव्यांचे दाते टोकाला टोक लावून धरले तर कितीही दाबले तरी ते एकमेकांत जाणार नाहीत, तसेच हे आहे. अशा वेळी दांडा न्यूट्रलमध्ये आणा, क्लच क्षणभर सोडून पुन्हा दाबा, दोन सेकंद थांबा आणि परत प्रयत्न करा. मधल्या काळात शाफ्ट थोडा फिरून दुसऱ्या जागी थांबतो आणि बहुतेक वेळा गिअर सहज पडतो. तोच दांडा नंतर आपोआप पडतो, असे तुम्ही लिहिले आहे. त्यामागचे कारण हेच असावे.

तुमच्या गाडीत आणखी एक शक्यता आहे. रिव्हर्स पाचव्याच्या समोर असलेल्या कित्येक गिअरबॉक्समध्ये वेगात असताना पाचव्यातून दांडा चुकून थेट रिव्हर्समध्ये ओढला जाऊ नये म्हणून आत एक अडसर असतो. दांडा आधी न्यूट्रलच्या मधल्या जागेत येऊ द्यावा लागतो. तिथून पुन्हा उजवीकडे नेऊन खाली ओढला की तो अडसर आड येत नाही. काही गाड्यांत हेच काम मुठीखालची कडी करते, तर काहींत मूठ खाली दाबून मग दांडा न्यावा लागतो. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत आपल्या गाडीची पद्धत दिलेली असते, ती एकदा पाहून घ्या.

आता बिघाडाची तपासणी. इंजिन बंद ठेवून रिव्हर्स टाकून पाहा. तो सहज पडला, पण इंजिन चालू असताना क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबल्यावरही खरखर होतच राहिली, तर क्लच पूर्णपणे सुटत नाही असे समजावे. पेडलखाली पायपुसणे सरकून आले आहे का, हे सर्वांत आधी पाहा. तसे नसेल तर क्लचच्या केबलची जुळणी किंवा हायड्रॉलिक क्लच असल्यास त्यातील तेलाची पातळी मेकॅनिककडून तपासून घ्यावी लागेल. क्लच पूर्ण दाबलेला असतानाही सपाट जागी गाडी गिअरमध्ये सरकू पाहत असेल, तर निदान पक्के.

मंदगती

गिअरबद्दल वर सर्व काही आले आहे, म्हणून मी क्लच आणि स्टिअरिंगबद्दल लिहितो. अनेक वर्षे नवशिक्यांच्या शेजारी बसून गाडी शिकवल्यामुळे माझे मत असे झाले आहे की रिव्हर्समध्ये शिकण्यासारखे कौशल्य एकच आहे, आणि ते म्हणजे गाडी चालण्याच्या वेगाहूनही हळू ठेवणे. वेग हातात असला की दिशा दुरुस्त करायला वेळ मिळतो. वेग हातातून गेला की कोणत्या बाजूला स्टिअरिंग फिरवावे याचे सगळे नियम पाठ असूनही उपयोग होत नाही.

ॲक्सिलरेटरच्या वादाचा निकाल एका साध्या हिशोबाने लागतो. इंजिन नुसते चालू असताना मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते. लहान गाडीत रिव्हर्स गिअर आणि डिफरन्शियल (गिअरबॉक्सनंतर चाकांना फिरवणारी शेवटची दातेरी जोडणी) मिळून हा वेग सुमारे १३ पटींनी कमी होतो, म्हणजे चाके मिनिटाला साठ-एकसष्ट फेरे घेतात. चाकाचा परीघ १.८ मीटर धरला तर गाडी मिनिटाला ११० मीटर, म्हणजे ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास मागे जाते. प्रत्येक गाडीचे आकडे थोडे वेगळे असतील, पण अर्थ बदलत नाही: ॲक्सिलरेटरला स्पर्शही न करता, क्लच पूर्ण सोडला तरी गाडी भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने मागे जाते. नवशिक्यासाठी हाच वेग जास्त आहे. तेव्हा सपाट जागेवर ॲक्सिलरेटर देण्याचे कारणच उरत नाही. आजच्या इंजिनांत क्लचने पकड घेताच इंजिनचा वेग पडू नये म्हणून इंधन आपोआप वाढवले जाते, त्यामुळे क्लच हळू सोडला तर गाडी सहसा बंद पडत नाही. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत मात्र किंचित ॲक्सिलरेटर लागू शकतो.

म्हणून उजवा पाय ब्रेकवर ठेवा आणि गाडीचा वेग डाव्या पायाने ठरवा. क्लच हळूहळू वर येऊ द्या; तो पकडू लागतो ती जागा आली की इंजिनचा आवाज थोडा जड होतो आणि गाडीचा मागचा भाग किंचित हलल्यासारखा वाटतो. पाय तिथेच थांबवा. उसळी येते ती पाय नेमका या जागेवरून पुढे निघून गेल्यामुळे. पहिल्या गिअरमध्ये तुमच्या पायाला ही जागा माहीत झालेली आहेच, आणि रिव्हर्समध्ये ती तीच असते. पण मागे वळून बसल्यामुळे कंबर फिरते, टाच जमिनीवरून उचलली जाते आणि पायाचे माप चुकते. आसन थोडे पुढे घेऊन, मागे वळलेल्या अवस्थेतही क्लच तळापर्यंत दाबता येतो याची खात्री गाडी सुरू करण्याआधीच करून घ्या. गाडी सरकू लागली की वेग वाढताच क्लच थोडा दाबायचा आणि मंदावताच थोडा सोडायचा. गोंधळ झाला तर क्लच आणि ब्रेक दोन्ही एकदम दाबावेत; गाडी जागच्या जागी थांबते आणि इंजिनही चालू राहते.

यावर कोणी म्हणेल की अर्ध्या क्लचवर गाडी चालवल्याने क्लच झिजतो. झिजतो, हे खरे आहे. पण इंजिन कमी फेऱ्यांवर असताना गाडी जागेवर लावण्यापुरता केलेला असा वापर क्लचला सहज पेलतो. ॲक्सिलरेटर दाबून इंजिन ओरडत ठेवायचे आणि क्लच अर्धा धरायचा, यात मात्र क्लच तापतो आणि करपट वास येऊ लागतो. लांबवर सरळ मागे जायचे असेल तर क्लच पूर्ण सोडून द्यावा.

आता स्टिअरिंग. नियम एवढाच आहे की गाडीचे मागचे टोक ज्या बाजूला न्यायचे, त्या बाजूला स्टिअरिंग फिरवायचे. हा नियम सगळे सांगतात. गाडी तरीही तिरकी का होते, हे सहसा कोणी सांगत नाही, आणि त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण असे की पुढे जाताना वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते, मागे जाताना ते तसे होत नाही. पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते तो आस वरच्या टोकाला किंचित मागे कललेला असतो, त्यामुळे चाक रस्त्याला जिथे टेकते ती जागा आसाच्या रेषेच्या मागे राहते आणि गाडी पुढे जाताना चाक ओढले जाऊन सरळ होते. गाडी उलट दिशेने जाऊ लागली की हाच परिणाम उलटतो. चाके सरळ होण्याऐवजी आणखी वळू पाहतात. पुढे चालवण्याची सवय झालेला हात अशा वेळी स्टिअरिंग सैल सोडतो आणि ते आपोआप परत येईल अशी वाट पाहतो. रिव्हर्समध्ये जेवढे वळवले तेवढे हाताने परत आणावेच लागते, आणि स्टिअरिंग पूर्ण वेळ धरून ठेवावे लागते.

दुसरे कारण असे की मागे जाताना वळणारी चाके प्रवासाच्या दिशेने पाहिले तर शेवटी असतात. तुम्ही स्टिअरिंग फिरवता तेव्हा पुढचे टोक लगेच बाजूला जाते, पण मागचे टोक त्या दिशेने जाऊ लागल्याचे तुमच्या डोळ्यांना थोडे उशिरा कळते. तेवढ्या वेळात काहीच घडले नाही असे वाटून माणूस आणखी फिरवतो, आणि मग तो सगळा वळसा एकदम दिसू लागतो. तुमची गाडी सरळ करायला गेल्यावर दुसऱ्या बाजूला कलते ती यामुळेच. हाताची चार बोटे सरकतील एवढेच स्टिअरिंग फिरवा, हातभर अंतर जाऊ द्या, परिणाम पाहा, आणि मग पुढचे ठरवा. दिशा पाहण्यासाठी मागच्या काचेतून जवळची जमीन पाहू नका, शक्य तितक्या दूरची एखादी उभी वस्तू धरून तिच्याकडे गाडी न्या.

पुढच्या टोकाचे भानही यातूनच येते. मागची चाके वळत नाहीत, म्हणून गाडीचा मागचा भाग आत शिरतो आणि पुढचा भाग बाहेर फेकला जातो. मागे डावीकडे वळताना पुढचा उजवा कोपरा बराच उजवीकडे जातो. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या मधून मागे निघताना निम्म्याहून अधिक गाडी बाहेर येईपर्यंत स्टिअरिंग जवळजवळ सरळच ठेवा, नाहीतर पुढचा बंपर शेजारच्या गाडीला खरचटतो. वळण घट्ट असेल तर मध्येच पूर्ण थांबून पुढचे दोन्ही कोपरे पाहून घ्या. थांबायला कुणाची हरकत नसते. मागून हॉर्न वाजवणारे वाजवतात, वाजवू द्यावेत.

तिसराआरसा

मंदगती यांच्या बहुतेक सर्व मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु मागच्या काचेतून पाहण्यावर त्यांनी दिलेला भर मला अपुरा वाटतो. आजकालच्या अनेक गाड्यांत मागची काच लहान आणि उंच असते, मागच्या आसनांची डोकी आड येतात आणि मागचे खांब जाड असतात. काचेतून दूरचे दिसते, पण मागच्या चाकांपासून भिंत किंवा पदपथाची कड किती अंतरावर आहे ते दिसत नाही. ते फक्त बाजूच्या आरशांत दिसते. गाडी अरुंद जागेत घालायची असेल तर मी दोन्ही बाजूंचे आरसे इतके खाली कलवतो की मागचे चाक आणि त्याच्या खालची जमीन दिसावी, आणि काम झाले की ते आठवणीने मूळ जागी आणतो, कारण तसेच राहिलेले आरसे रस्त्यावर निरुपयोगी असतात. बाजूचा आरसा बहुधा फुगीर असतो, त्यामुळे त्यात वस्तू आहे त्यापेक्षा लहान आणि लांब दिसते. अंतर ठरवताना हे मनात धरूनच चालावे.

कॅमेरा असेल तर तो अवश्य वापरावा. बंपरच्या लगतची बुटकी वस्तू, उदाहरणार्थ दगड किंवा खाली वाकलेले मूल, आरशात किंवा काचेत दिसतच नाही, आणि तिथे कॅमेऱ्याला पर्याय नाही. मात्र त्याची भिंग रुंद कोनाची असते, त्यामुळे पडद्यावरचे अंतर फसवे ठरते, आणि पुढचे कोपरे तर तो दाखवतच नाही. शिकण्याच्या काळात पडद्याकडे पाहत गाडी मागे घेण्याची सवय लावून घेऊ नका. शेवटच्या दोन हातांसाठी तो ठेवा. अंतर सांगणारे सेन्सरही बारीक खांब किंवा फार खालच्या कडा कधी कधी टिपत नाहीत. गाडीत बसण्याआधी तिच्या मागून एक फेरी मारणे यापेक्षा भरवशाचे आहे, विशेषतः घराच्या आवारात, जिथे लहान मुले आणि जनावरे असू शकतात.

शिकाऊचालक

सर्वांचे मनापासून आभार. इंजिन बंद असताना रिव्हर्स सहज पडतो, आणि क्लच दाबून आधी तिसऱ्या गिअरमध्ये घालून मग टाकला तर इंजिन चालू असतानाही खरखर होत नाही, म्हणजे क्लच ठीक असावा. टाच उचलली जाण्याचा मुद्दा अगदी अचूक निघाला. आसन पुढे घेतल्यावर उसळी जवळजवळ गेली. आपोआप सरळ न होणारे स्टिअरिंग आणि उशिरा दिसणारा परिणाम यांचा सराव मोकळ्या मैदानात करत आहे.

आता एक पुढची शंका. गाडीचे तोंड उताराकडे आहे, समोर भिंत आहे आणि मागे, म्हणजे चढावर, जायचे आहे. ब्रेक सोडला की गाडी भिंतीकडे सरकणार, आणि उजवा पाय ब्रेकवर असल्यामुळे ॲक्सिलरेटर देता येत नाही. इथे मंदगती यांचा ॲक्सिलरेटर न देण्याचा नियम कसा पाळायचा?

मंदगती

इथे तो नियम पाळायचा नाही, कारण तो सपाट जागेसाठी होता. चढावर मागे जाताना इंजिनला गाडीचे वजन उचलावे लागते आणि नुसत्या चालू इंजिनात तेवढी ताकद नसते. हँडब्रेक घट्ट ओढा, रिव्हर्स टाका आणि उजवा पाय ब्रेकवरून काढून ॲक्सिलरेटरवर आणा. इंजिनचा आवाज थोडा वाढेल एवढाच तो दाबा आणि तसाच स्थिर धरा. मग क्लच वर येऊ द्या. पकड आली की गाडी हँडब्रेकविरुद्ध ओढ घेते. ती ओढ जाणवल्यानंतरच हँडब्रेक सोडा. ओढ जाणवण्याआधी सोडला तर गाडी भिंतीकडे जाईल, आणि जाणवूनही सोडला नाही तर इंजिन गुदमरेल. चढावर पुढे जाताना तुम्ही हेच करता, फक्त दिशा बदलली आहे. हिल होल्डची, म्हणजे ब्रेक सोडल्यावरही चढावर गाडी आपोआप धरून ठेवण्याची, सोय असलेल्या बहुतेक गाड्यांत ती रिव्हर्समध्येही, तोंड उताराकडे असताना, काम करते. तरी ती काही सेकंदांपुरतीच असते. पहिल्या सरावाला समोर भिंत असलेली जागा निवडू नका.

उलट प्रसंग, म्हणजे तोंड चढाकडे आणि मागे उतरायचे, हा दिसायला सोपा पण वेग वाढण्याचा धोका असलेला आहे. तिथे ॲक्सिलरेटर अजिबात नको. रिव्हर्स टाकून क्लच पूर्ण सोडला की इंजिनच गाडीला अडवून धरते, आणि त्याहून हळू जायचे असेल तर क्लच दाबून ब्रेकवर गाडी खाली येऊ द्यावी. न्यूट्रलमध्ये मात्र उतरू नये.

दातेरीचाक

चढावरून एक गोष्ट आठवली, थोडी विषयाला सोडून आहे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला रिव्हर्ससाठी स्वतंत्र पेडल होते, आणि उभा चढ आला की लोक ती गाडी वळवून उलटी, म्हणजे रिव्हर्समध्ये, चढवत असत. तिच्या बहुतेक नमुन्यांत टाकी आसनाखाली होती आणि पेट्रोल केवळ उताराने वाहत इंजिनकडे येई, त्यामुळे तोंड वर असताना टाकीत पेट्रोल कमी असेल तर ते इंजिनपर्यंत पोहोचत नसे. शिवाय तिचा रिव्हर्स पहिल्या गिअरपेक्षाही अधिक जोर देणारा होता. आजच्या गाड्यांत रिव्हर्सचा जोर साधारण पहिल्या गिअरएवढा असतो, त्यामुळे ज्या चढावर पहिला गिअर पुरतो तिथे रिव्हर्सही पुरतो.

तुमच्या मूळ प्रश्नाशी जोडलेली एक सवय आताच लावून घ्या. गाडी मागे सरकत असतानाच घाईने पहिला गिअर टाकू नका, आणि पुढे सरकत असताना रिव्हर्स तर नकोच. पहिल्या बाबतीत सिंक्रोनायझरला इंजिनकडून येणारा सरळ फिरणारा शाफ्ट थांबवून उलट फिरवावा लागतो आणि तो विनाकारण झिजतो. दुसऱ्या बाबतीत सरळ आयडलरचे दाते आदळतात. अरुंद जागेत पुढे-मागे करत गाडी वळवताना ही घाई सर्वाधिक होते, म्हणून प्रत्येक दिशाबदलाला चाके पूर्ण थांबवा.

आणि उतारावर गाडी लावून जाताना, तोंड उताराकडे असेल तर हँडब्रेकसोबत गाडी रिव्हर्समध्ये ठेवा. तोंड चढाकडे असेल तर पहिल्या गिअरमध्ये. त्यामुळे हँडब्रेक सैल पडलाच तर बंद इंजिन गाडीला धरून ठेवते. मात्र परत येऊन इंजिन सुरू करताना आधी क्लच दाबायचा.